पहिली पट्टी म्हणजे निकाल नव्हे!

आमच्या वस्तीतली एक सून पाचव्या महिन्यात तपासणीला गेली. बोट टोचले, पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि घरात रडारड झाली. सासू म्हणाली, "हिला माहेरी धाडा."

आम्ही समजावले, "मावशी, पहिली चाचणी फक्त संशय दाखवते, क्वचित चुकतेही. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्या, तरच एचआयव्ही ठरतो. ठरला तरी घाबरू नका. औषधाविना शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईने गोळ्या नेमाने घेतल्या, तर ५ हून कमी."

दुसऱ्या दिवशी नवरा सोबत गेला, त्यानेही तपासून घेतले. निकाल गुप्त राखावा, असे २०१७ चा कायदा सांगतो. आम्हीही विचारला नाही. सून मात्र सासरीच आहे.