पाण्याची पाळी आणि विचाराची सवय

बारामतीजवळील पिंपळीपासून पुढे इंदापूर तालुक्यापर्यंत शेतकऱ्याचे वेळापत्रक नीरा डाव्या कालव्याच्या पाळीवर ठरत आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागलेल्या या कालव्याचा इतिहास सिंचनाच्या अभ्यासकांना परिचित आहे. कल्पक विचार कसा घडतो हे समजून घेण्यासही तो तितकाच उपयोगी आहे.

आरंभीच्या काळात जो मागेल त्याला, त्याचे शेत असेल तेथे, पाणी दिले जाई. बागायत विखुरलेली असल्याने लांबलांबच्या चाऱ्यांतून पाणी पाझरून जाई आणि ऐन उन्हाळ्यात उसाला ते अपुरे पडे. १८९९ मध्ये पुण्यास नेमणूक झालेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचविली. एकत्रित रानाचे गट पाडावेत, गटाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शात ऊस व उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यावीत, दरवर्षी ही जागा फिरती ठेवावी आणि ठरावीक वर्षांच्या करारावर पाण्याची हमी द्यावी, अशी ती योजना होती. प्रथम तिला विरोध झाला. पुढे दख्खनच्या अन्य कालव्यांवरही ती स्वीकारली गेली.

या योजनेतील एकही घटक अपूर्व नव्हता. पिकांची फेरपालट शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, उसाची तहानही ठाऊक होती. नवीन होती ती त्यांची जुळणी. एकेक मागणी सुटी पाहिली म्हणजे प्रत्येकीस एक निर्णय मिळतो. साऱ्या मागण्या शेजारी मांडल्या की प्रश्नच निराळा दिसू लागतो. नमुना नं. ७ च्या अर्जात एका शेतकऱ्याची मागणी दिसते, सर्वांची मिळून काय होते ते दिसत नाही. हा दोष त्या कागदाचा नव्हे. बहुतेक कार्यालयीन कामाची घडणच तशी असते.

म्हणून आपल्या कामाच्या सवयी ओळखणे ही कल्पकतेची पूर्वतयारी होय. ग्रामसेवक, सरपंच वा शिक्षक यांनी पंधरा दिवस एक साधी वही ठेवावी. आज कोणते काम केले, ते कोणाच्या सांगण्यावरून केले आणि तेच काम पूर्वी किती वेळा केले, एवढेच तीत लिहावे. मन ताजे असते ती वेळ कशात जाते हेही नोंदवावे. पुष्कळांची ती वेळ टपाल पाहण्यात संपते. पिंपळीसारख्या गावातील शिक्षकाने मुलांच्या गैरहजेरीच्या तारखा पाणीपाळीच्या तारखांशेजारी लिहून पाहाव्यात. दोन्ही तारखा जुळल्या, तर पालकांना बोलावून समज देण्याऐवजी त्या दिवसांच्या अभ्यासाची वेगळी सोय करण्याचा विचार सुचू शकेल. न जुळल्या, तर निदान एक चुकीचा तर्क दूर होईल.

वही मात्र एकदाच लिहून भागत नाही, कारण उत्तराचीही सवय होते. नीरा खोऱ्यात पाणी मोजून देण्याची शिस्त आली, तरी जमिनीत मुरलेले पाणी बाहेर कसे जाईल याचा विचार मागे राहिला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान व ताम्हाणे यांनी १९१० मध्ये याच खोऱ्यातील खारवट जमिनींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर बारामतीच्या परिसरात, कालव्याने पाणी आणून दिलेल्या जमिनींतूनच, ते बाहेर काढण्यासाठी चर खोदण्याचे प्रयोग हाती घ्यावे लागले.