टोमॅटोचं बूड काळं पडतंय? आधी पाणी बघा, मग कॅल्शियम



गटाचं कर्ज काढून टोमॅटो लावला, पहिला तोडा जवळ आला आणि फळाच्या बुडाला काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग दिसला, की पोटात गोळा येतो. मग दुकानातून बुरशीनाशक आणून मारतो. पैसे जातात, डाग काही थांबत नाहीत. कारण हा रोग नाहीच. फळाला कॅल्शियम कमी पडलं की त्याच्या बुडाकडचा भाग मरतो. पुढे त्या मेलेल्या भागावर बुरशी चढते, म्हणून आपली फसगत होते.

ओळखायचं कसं?
डाग देठाच्या विरुद्ध बाजूला, फळाच्या बुडालाच असतो आणि हिरव्या फळापासूनच दिसतो. पानांवर, खोडावरही डाग असतील तर तो करपा असू शकतो. त्याचा उपाय वेगळा.

जमिनीत असून कमी का पडतं?
आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात कॅल्शियम बहुधा भरपूर असतं. पण ते पाण्याबरोबरच वर चढतं, आणि जास्त पाणी ओढतात ती पानं. फळाच्या वाट्याला थोडंच येतं. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम परत फळात येत नाही. म्हणून चार दिवस रान सुकलं आणि पाचव्या दिवशी तुडुंब भरलं, की फळ उपाशी राहतं. युरिया जास्त झाला तरी पाला माजतो आणि फळाचं आणखी कमी होतं.

काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदालाही असाच त्रास होतो. तिथे सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके पडतात. तिथले बागायतदारही कॅल्शियम फवारतात, आणि ते फळावर पडेल असं बघतात.

मग करायचं काय?
१. पाणी थोडं थोडं, पण नियमित द्या. लाईट रात्रीची असेल तर घरात पाळ्या ठरवून घ्या. गादीवाफ्यावर पाचट किंवा भुसा अंथरा, ओल टिकते.
२. युरिया बेताने टाका.
३. फळं गोटीएवढी असतानाच फवारणी सुरू करा. कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. ८ ते १० दिवसांनी, तीन वेळा.
४. फवारा पानांच्या आत, फळांवर बसला पाहिजे. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. भर उन्हात पानं करपतात.
५. यात १२:६१:०, ०:५२:३४ किंवा मॅग्नेशियम सल्फेट मिसळू नका. द्रावण फाटतं, साका बसतो आणि नोझल तुंबतं.
६. फवारताना हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा.

गटाने घेतलं तर
एकरी २०० लिटर पाणी धरलं तर एका फवारणीला १ किलो लागतं, तीन फवारण्यांना ३ किलो. २५ किलोचं एक पोतं आठ एकरांना पुरतं. एकटीने पोतं घ्यायची गरज नाही, गटात वाटून घ्या. हे खत हवेतली ओल ओढतं, त्यामुळे उघडलेलं पोतं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा.

डाग पडलेलं फळ कशानेच बरं होत नाही. ते तोडून टाका आणि गुण आला की नाही ते नव्या फळांवर बघा. पण ताई, रानाला पाण्याचे हेलकावे बसत असतील तर कितीही फवारलं तरी पुरं पडत नाही. पुढच्या बैठकीला येताना डाग पडलेलं एक फळ आणि शेवटची दोन पाणी कधी दिली त्या तारखा घेऊन या. दुकानात जायच्या आधी आपण मिळून बघू.