डाऊन सिंड्रोम: ग्रहण, रक्तगट आणि २१वं गुणसूत्र

ग्रहणात भाजी चिरली होती का? जिन्यावरून पाय घसरला होता का? माहेरी कुणाला असं आहे का? डाऊन सिंड्रोमचं बाळ जन्माला आलं, की प्रश्नांचा रोख हटकून बाळंतिणीकडे वळतो.

प्रत्यक्षात घडलेलं असतं ते असं: बाळाच्या पेशींत बहुतेक वेळा ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, २१व्या जोडीत एक तिसरं आलेलं असतं. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी अशा मुलांचं वर्णन १८६६ मध्येच केलं होतं. कारण कळायला मात्र १९५९ उजाडलं. ते पॅरिसमध्ये सापडलं आणि श्रेय जेरोम लेजून यांच्या पदरात पडलं. पेशी वाढवण्याचं किचकट काम करणाऱ्या मार्थ गोतिए कित्येक वर्षं मागेच राहिल्या.

स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं वेगळी व्हायला हवीत. कधी ती होत नाहीत. म्हणजे बहुतेक वेळा घोटाळा गर्भ राहण्याआधीच झालेला असतो. मग ग्रहण, पपई, जिना यांचा संबंध येतोच कुठे?

नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मूल व्यंग घेऊन येतं, या समजापायी आजही चांगली स्थळं मोडतात. त्याला काहीही आधार नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याबद्दलची भीती मात्र अर्धी खरी आहे. नात्यातल्या लग्नांमुळे थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो, पण ते एकेका जनुकातले बिघाड. इथे आख्खं गुणसूत्रच जास्तीचं असतं.

वयाचा मुद्दा खरा आहे. स्त्रीबीजं मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्ध्यावर सोडून थांबतात. चाळिशीतल्या स्त्रीचं बीजही चाळिशीचंच. विशीच्या सुरुवातीला सुमारे १५०० बाळांमागे एक, पस्तिसाव्या वर्षी ३५० मागे एक, चाळिसाव्या वर्षी १०० मागे एक, असा हा धोका चढत जातो. तरीही अशी बरीच बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त! पंचविशीत चाचणी कशाला, हा हिशेब इथे चुकतो.

सुमारे ९५ टक्के बाळांमध्ये जास्तीचं गुणसूत्र येणं हा निव्वळ योगायोग असतो. तीन-चार टक्क्यांत २१वं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला चिकटलेलं असतं. तेव्हा आई किंवा वडील स्वतः ठणठणीत असूनही वाहक असू शकतात. हो, वडीलसुद्धा. म्हणून बाळाची कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी करतात. पुढच्या गरोदरपणातला धोका त्यावरून सांगता येतो.

गरोदरपणात होणारी आईच्या रक्तावरची एनआयपीटी चाचणी भरवशाची असली, तरी ती चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही. खात्री गर्भजल किंवा वारेचा नमुना तपासूनच होते. त्याआधी गर्भपाताचा निर्णय घेणं घाईचं.

‘ही मुलं फार जगत नाहीत’ हे वाक्य तर जुनंच झालं. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. आता ते ६० च्या घरात आहे. फरक पडला तो मुख्यतः हृदयाच्या शस्त्रक्रियांनी. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि तो वरून नेहमी दिसतोच असं नाही. त्यामुळे बाळ छान दूध पीत असलं, गुलाबी दिसत असलं, तरी टूडी इको सुरुवातीलाच करून घेतात; थायरॉइडची तपासणी तर पुढे दरवर्षी.