कोड हलतो, चर्चा अडकते

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये साध्या क्लोनसोबतही (प्रतीसोबतही) कोडचा सगळा इतिहास येतो, म्हणून कोड हलवणं सोपं. अडकतात त्या बगच्या नोंदी आणि त्यांखालच्या चर्चा, कारण त्या होस्टच्या, म्हणजे कोड ठेवणाऱ्या सेवेच्या, डेटाबेसमध्ये असतात. पायथॉन या भाषेचा कोड २०१७ मध्ये गिटहब या होस्टवर गेला. बगच्या नोंदी तिथे पोचायला २०२२ उजाडलं. होस्ट निवडताना या नोंदी बाहेर काढता येतात का, हे सर्वांत आधी पाहावं. कारण होस्ट बंदही पडू शकतो: २००६ मध्ये सुरू झालेलं ‘गुगल कोड’ २०१६ मध्ये बंद झालं आणि तिथल्या प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावं लागलं. ग्नोम आणि डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी २०१८ मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब हे होस्टिंगचं सॉफ्टवेअर आणलं. देखभालीला माणसं असतील, तर हाच मार्ग उत्तम. नसतील, तर बर्लिनच्या ना-नफा संस्थेचा ‘कोडबर्ग’ हा होस्ट आहे.