बासष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी

बेरिल गिलरॉय (१९२४–२००१) यांचा जन्म तेव्हाच्या ब्रिटिश गयानातला. नकाशावर हा देश दक्षिण अमेरिकेत असला, तरी वळण पुरते कॅरिबियन. प्रशिक्षित शिक्षिका असूनही पन्नाशीच्या दशकातल्या लंडनमध्ये वर्णामुळे त्यांना शाळेत नोकरी मिळेना. कारखान्यात आणि परक्या घरांत राबावे लागले. पुढे १९६९ मध्ये त्याच शहरात त्या मुख्याध्यापिका झाल्या. १९७६ मध्ये ‘ब्लॅक टीचर’ हे आत्मकथन आले.

त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी, ‘फ्रँजीपनी हाऊस’, आली १९८६ मध्ये, मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडल्यानंतर. परदेशी गेलेल्या मुली आपल्या आईला, मामा किंगला, गयानातल्या वृद्धाश्रमात ठेवतात. आयुष्यभर कष्ट केलेली ही बाई तिथली सक्तीची विश्रांती मानत नाही. ती पळून जाते, भिकाऱ्यांमध्ये राहते. म्हातारीला दयेचा विषय न करता बंडखोर नायिका करणे, हे मला या कादंबरीचे खरे मोठेपण वाटते.

त्यानंतर त्या थांबल्या नाहीत. विशेष म्हणजे ‘इन प्रेझ ऑफ लव्ह अँड चिल्ड्रन’ ही कितीतरी आधी लिहिलेली कादंबरी छापून यायला १९९६ साल उजाडले. उशीर लेखिकेचा नव्हता, प्रकाशकांचा होता.