म्युनिसिपल शाळांतील कलाशिक्षण

चित्रकला व गायन हे श्रीमंतांच्या मुलांचे चोचले होत, असे मानणारे गृहस्थ आमच्या व्यापारीवर्गात अद्यापि पुष्कळ आहेत. त्यांनी मुंबईकडेच पाहावे. १८५७ साली तेथे कलाशाळा निघाली ती सर जमशेटजी जीजीभाई या व्यापाऱ्याच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर. आणि कारागिराचा हात सुधारावा, हा तिचा एक प्रधान हेतु होता.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीकरिता कलाशिक्षक सांगितला आहे खरा; परंतु तो अंशकालीन, आणि तोही पट शंभरावर असेल तरच! पहिली ते पाचवीसाठी तर त्याचा उल्लेखच नाही. मग ज्या शाळेचा पट घटला, तेथील मजुराच्या मुलीने रंगाची पेटी पाहूच नये काय?

ही उणीव नोंदलेल्या विश्वस्तसंस्थेने भरून काढावी. जवळच्या चार लहान शाळा मिळून एक चित्रशिक्षक व एक गायनशिक्षक नेमावा आणि त्यांचे वेतन दरमहा वेळेवर द्यावे. बक्षीससमारंभावर पैसा उधळणाऱ्या संस्था आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत, असो. मात्र पट शंभरावर असेल तेथे देणगीच्या आडोशाने महापालिकेस आपले कर्तव्य टाळू देऊ नये. तेथे पालकांनी शिक्षक हक्काने मागावा; अर्ज लेखी करावा, व त्याची पोच घ्यावी.