मीटर आले, पण बिलाचे काय?

14 एप्रिल 2021 पासून महावितरणने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ राबविली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना प्राधान्याने वीजजोडणी, अनामत 500 रुपये, तीही पाच हप्त्यांत. नाव योग्यच होते. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना विजेचा विषय बाबासाहेबांकडेच होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा आग्रह त्यांनी 1943 मध्येच धरला होता.

पण योजनेची अट काय? मागील थकबाकी नसावी! म्हणजे बिल भरता न आल्याने ज्याचे मीटर काढून नेले, तोच बाहेर. शिवाय मदत जोडणीपुरती. दरमहा येणाऱ्या बिलाचे काय?

त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा सवलतीचा दर आहे. वीज नियामक आयोगाच्या 2020 च्या दर आदेशातील अट मात्र वाचण्यासारखी आहे. वर्षाला 360 युनिट, म्हणजे दिवसाला एक युनिटही नाही. एखाद्या वर्षी ही मर्यादा ओलांडली की ग्राहक सर्वसाधारण घरगुती दरात जातो, आणि पुढे वापर कितीही कमी केला तरी त्याला परत येता येत नाही.

आता हिवरखेडचा मे महिना घ्या. तेल्हारा तालुक्यात पारा 45 च्या घरात, डोक्यावर टिन, घरात तान्हे लेकरू नाहीतर म्हातारी माय. एक पंखा आणि दोन दिवे यांतच महिन्याला 27-28 युनिट जातात, वर्षाचे झाले सव्वातीनशेच्या वर. 150 वॅटचा कूलर रोज दहा तास तीन महिने चालवला तर आणखी 135 युनिट. संपली सवलत, तीही कायमची! उन्हाची ही शिक्षा कोणत्या न्यायात बसते?

आमच्या वस्त्यांत वायरमन आला की लोक हात जोडतात. हात जोडू नका. वीज कायदा 2003, कलम 56 : पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. रक्कम देय होऊन दोन वर्षे उलटली आणि ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखविलेली नसेल, तर ती वसूलही करता येत नाही. ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तिथे वकील लावावाच लागतो असे नाही.

दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जनतेच्या हरकती मागवतो. कारखानदारांच्या संघटना तिथे हजर असतात. आपल्या वस्तीने वर्षभराच्या बिलांच्या झेरॉक्स जोडून दोनच मागण्या लेखी द्याव्यात : परतीचा रस्ता बंद करणारी अट काढा, आणि विदर्भासाठी एप्रिल ते जूनचा वापर या 360 युनिटांतून वगळा.